बुरुलचाला मागणी आली

१४ सप्टेंबर, शनिवार

आणि सगळ्यांत आधी कोण आलं असेल, तर कानिशाय! पाव्हण्यांची गाडी फाटकाशी थांबली, धूळ अजून खाली बसली नव्हती, तोवर ही बाई हातात रिकामी वाटी घेऊन हजर. म्हणे, “तोक्तो, जरा मीठ दे गं.” मी काय तिला ओळखत नाही? परवाच तिच्या नवऱ्यानं मिठाचं पोतं आणलंय. म्हटलं, “कुंपणावरून मान लांब करू नकोस, आत ये आणि नीट बघ.” आली की. वाटी तिथंच विसरली.

आधी वहीचं सांगते. ही वही बुरुलचानं दिली, माझ्या नातीनं. वनखात्याची आहे, वर झाड छापलंय. आजीला ती एने म्हणते. म्हणाली, “एने, दिवसभर माझं डोकं खातेस, त्यापेक्षा यात लिहीत जा.” मी चारच वर्षं शाळेत गेले, पण अक्षर वाईट नाही. आज लिहायलाच हवं असं घडलंय. आज माझ्या नातीला मागणी आली!

तिघं होते. मोठा म्हणजे मेलिस, साठीचा असेल. चामड्याचा कोट, वरचे सगळे दात सोन्याचे, बोलणं मधासारखं. दुसरा ड्रायव्हर, तो आत आलाच नाही, सूर्यफुलाच्या बिया खाऊन टरफलं माझ्या अंगणात थुंकत बसला. तिसरा तिलेक. खांदे एवढे रुंद की दारातून तिरका होऊन आला. कान लाल, मान खाली. त्याला बघितलं आणि म्हटलं, हाच नवरामुलगा.

पाव्हण्याला का आलात असं विचारायचं नसतं. मी नान ठेवली, जर्दाळूचा मुरंबा ठेवला, चहा ओतला. तीन वाट्या पिऊन झाल्यावर मेलिस म्हणाला, “आजी, तुमच्याकडे एक नात आहे म्हणे.”

झालं. मी सुटले. सांगितलं की मुलगा-सून रशियात बांधकामावर आहेत, पोर मीच वाढवली. राजधानीत जाऊन झाडांची निगा शिकली. तिथं रस्त्याकाठच्या उंच पॉप्लरवर दोरीनं चढायची, वाळक्या फांद्या उतरवायची, खाली गाड्या थांबवून लोक बघत राहायचे. मग शहर सोडून परत आली, आपल्या अक्रोडाच्या रानाची राखण करायला. सगळ्या विभागात ती एकटी बाई. आणि कोकसायच्या घळीतले सगळ्यांत जुने अक्रोड तिच्या ताब्यात.

“कोकसायला कधी जाते?” मेलिसनं विचारलं.

“मंगळवारी आणि शुक्रवारी.”

“एकटी?”

“एकटीच. मोठी धीट आहे.”

“वाट कुठली धरते?”

“ओढ्याकाठची. घोडीला पाणी मिळतं ना.”

इतकी बारीक चौकशी कोण करतं? ज्यांना पोर घरात आणायची असते तेच. मेलिस म्हणाला, “रान काही चांगलं नसतं, आजी. घोडा बुजतो, दरड सुटते. आम्हाला तिची फार काळजी वाटते. तिला म्हणावं, कोकसायचं सोडून दे, तिकडचं आम्ही बघून घेऊ.” माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. लग्नाआधीच पोरीला कष्टातून सोडवणारं सासर कुणाला मिळतं?

मग त्यानं खिशातून मखमलीची डबी काढली. आत सोन्याचे झुमके, लाल खड्याचे! म्हणाला, “तिनं कानात घातले की ठरलं असं आम्ही समजू.” कानिशायनं माझ्या बरगडीत कोपर खुपसलं. कानात झुमके घातले की सोयरीक झाली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी डबी दोन्ही हातांनी घेतली, तळवे तोंडावरून फिरवून आमीन म्हटलं.

जाताना ड्रायव्हरनं आमच्या कुत्र्याच्या पोटात लाथ घातली. जरा जोरातच. कुत्रं अजून चुलीमागं पडून आहे, दूध पीत नाही. शहरातली माणसं कुत्र्यांना भितात.


१५ सप्टेंबर

कार्टीनं सगळा आनंद घालवला.

डबी मी तिच्या उशीवर ठेवली होती. उघडली, आणि आधी पांढरी पडली, मग लाल झाली. “कुणी दिलं हे?”

“तुझ्या सासऱ्यानं.”

“कोण सासरा?”

मी दातांचं वर्णन केलं. ती खालीच बसली. म्हणाली, “एने, तो मेलिस आहे. गाठी विकतो तो.”

जुन्या अक्रोडाच्या खोडाला गाठ येते. कुठं कोकराएवढी, कुठं वासराएवढी. पूर्वी त्यावर बसून आम्ही पोरी केस विंचरायचो, कोणी विचारत नसे. आता म्हणे बाहेर देशात ती कागदासारखी कापून महागड्या गाड्यांत लावतात, बंदुकीच्या दस्त्याला लावतात. एका गाठीत इथं घर उभं राहतं. पण गाठ कापली की झाडाला दाराएवढं भोक पडतं, तिथून ते आतून कुजतं आणि पाच-सहा हिवाळ्यांत आडवं होतं. ऑगस्टमध्ये बुरुलचानं मेलिसच्या माणसांना घळीत पकडलं, त्यांच्या मशीनच्या करवती जप्त केल्या. हे मला तिनं सांगितलंच नव्हतं.

“ही लाच आहे, एने. मी कोकसायकडे पाठ फिरवावी म्हणून. आणि पाठ फिरवली नाही तर काय होईल ते तो तुला तुझ्याच मुरंब्यावर बसून सांगून गेला.”

“लाच कोणी मखमलीच्या डबीत देतं का?” मी म्हटलं. “आणि मुलगा तर किती लाजत होता.”

“तिलेक? त्यानं माझ्या अंगावर करवत चालू करून फेकली होती!”

“तुझ्या आजोबांची माणसं तर डबीही न आणता आली होती.” हे मी तिला नीट समजावून सांगितलं. मी सतरा वर्षांची, झऱ्यावरून पाणी आणत होते. घोड्यावर चौघं. मला उचलून खोगिरावर आडवी टाकली. मी एकाच्या हाताला चावले, त्यानं चाबकाच्या मुठीनं तोंडावर मारलं. हे पुढचे दोन दात तेव्हाच गेले. तीन दिवस रडले. मग काय झालं? संसार झाला. सहा पोरं झाली, तीन जगली. आजोबा दारू प्यायले की मारायचे, पण हिवाळ्यात लाकूड कधी कमी पडू दिलं नाही.

ती म्हणाली, “एने, तू काय सांगतेयस ते तुला कळतंय?”

“दात कसे गेले ते सांगतेय.”

उठून घोडीपाशी गेली. बराच वेळ आली नाही. पोरी आधी रडतातच.


१८ सप्टेंबर

बाजारातून कानिशाय धावत आली, धाप लागलेली, तरी आधी चहा मागितला. बुरुलचा गणवेशात चहाखान्यात शिरली. मेलिस चौघांबरोबर पुलाव खात होता. हिनं डबी उघडली आणि झुमके त्याच्या ताटात टाकले, मटणाच्या तुकड्यांवर. मोठ्यानं म्हणाली, “माझ्या आजीला वाटलं तुम्ही माणसं आहात.” कोपऱ्यातलं कोणीतरी फिसकन हसलं.

मेलिसही हसला म्हणे. सगळे सोन्याचे दात दाखवून. झुमके चाटून साफ केले, खिशात टाकले आणि म्हणाला, “आजीनं दोन्ही हातांनी घेतलेत, पोरी. घेतलेलं परत करायची आपल्यात रीत नाही. आता तू आमची.”

रीतीचं तो खरं बोलला, त्यात खोट नाही. मला लाज वाटली. कानिशायला म्हटलं, “थोरामोठ्यांच्या ताटात असं टाकतात का?” ती म्हणाली, “तू तिथं असायला हवी होतीस, तोक्तो, भात त्याच्या मिशीला लागला होता.” मग आम्ही दोघी पोट धरून हसलो. हे वहीत लिहायला नको होतं.


२० सप्टेंबर

सापाराली आकेंना बघून आले, थोरल्या माणसाला आम्ही आके म्हणतो. बुरुलचाच्या आधी कोकसाय त्यांच्याकडे होतं, अजून ते तिच्या जोडीनं फिरतात. काल ते घळीच्या तोंडाशी सापडले. दोन्ही हात कोपरापर्यंत फडक्यात, फडकं काळं झालेलं. बायको चमच्यानं रस्सा पाजत होती.

“काय झालं, आके?”

“घोड्यावरून पडलो.”

त्यांची बायको म्हणाली, “सांगा की, घोडा म्हणजे ट्रकची मागची फळी होती आणि ती तीनदा तुमच्या बोटांवर आपटली.” ते तिच्यावर ओरडले, मग रडले. म्हातारा माणूस रडताना नाक पुसता येत नाही म्हटल्यावर फार वाईट दिसतं. मी माझ्या डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं पुसलं.

म्हणाले, “तोक्तोबूबू, पोरीला सांग, सोड म्हणावं. ते तिचं नाव घेत होते. फळी आपटताना प्रत्येक वेळी.”

घरी येऊन मी बुरुलचाला एवढंच म्हटलं की आके घोड्यावरून पडले. ती बुटांना नाड्या बांधत होती. आज शुक्रवार. “आज डोंगरावरच्या वाटेनं जाते,” म्हणाली आणि गेली. संध्याकाळी आली तोवर माझ्या हातून तीन वेळा नान करपल्या.


२३ सप्टेंबर

सकाळी तबेल्यात गेले तर तोरूची, बुरुलचाच्या घोडीची, शेपटी नव्हती. मुळापासून कापलेली. अर्धं मांसही कापलंय, माश्या बसल्या होत्या. घोडी थरथरत होती, मला जवळ येऊ देईना.

आमच्याकडे घोड्याची शेपटी कापतात ती त्याचा धनी मेल्यावर.

पोरं असतील कोणीतरी. मी हळद-राख लावली.

आज दुसरं काही लिहायचं नाही.


२ ऑक्टोबर

आठवडाभर रानात आहोत, म्हणून वही मिटलेली. अक्रोड उतरवायचे दिवस! सगळा गाव वर येऊन राहिलाय, झाडाझाडाखाली तंबू, गावात फक्त न चालणारे म्हातारे आणि कोंबड्या. सगळ्यांची बोटं सालींनी काळी. मी तर दर वर्षी इथं आले की वीस वर्षांनी तरुण होते. पण आज जे झालं ते लिहूनच झोपते.

कोकसायच्या मोठ्या अक्रोडाची एक फांदी मुळाशी चिरली होती, आमच्या चुलीइतकी जाड. बुरुलचा ती तारेच्या दोरानं दुसऱ्या फांदीला बांधायला चढली. मी मुद्दाम बघायला गेले. दोर कमरेला, डोक्याला लाल टोपी, पाय खोडाला लावून अशी वर गेली की मला कोळ्याची आठवण झाली. वरून ओरडली, “एने, खाली उभी राहू नकोस, डोक्यात पडेल काहीतरी!” मी म्हटलं, “माझ्या डोक्यात पडण्यासारखं काही उरलंय का?” ती हसली. किती दिवसांनी हसली. मी खाली अक्रोड पाडायची लांब काठी घेऊन बसले होते, उगीच दोनचार झोडपत.

तेवढ्यात झुडपातून तिलेक आला. एकटाच. हातात मशीनची करवत. मी म्हटलं, “ये बाळा, बस.” मला वाटलं, तिला बघायला आलाय, थोडी लाज मोडली म्हणायची. तो माझ्याकडे न बघता झाडाशी गेला. दोरी ओढून करवत चालू केली आणि खोडाला लावली. बुरुलचा वर, तीन माणसांच्या उंचीवर, खोडालाच बांधलेली.

ती वरून ओरडत होती, करवतीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड उघडं दिसत होतं. पिवळा भुसा त्याच्या बुटांवर पडत होता.

मी काठी उचलली आणि मारली. पहिला फटका खांद्यावर बसला, त्यानं नुसती मान वळवली. दुसरा डोक्यावर. टणक अक्रोड फुटल्यासारखा आवाज आला. तो गुडघ्यावर आला, करवत उडून त्याच्याच मांडीत घुसली आणि बंद पडली. मग मी मारतच राहिले. तोंडावर, हातावर. त्यानं हात वर केले, “एने, बस, एने,” असं म्हणत होता. एने म्हणत होता मला! रक्त डोळ्यांत गेलं होतं त्याच्या. मला का थांबता येत नव्हतं कोण जाणे. मी त्या वेळी तिलेकला मारतच नव्हते असं काहीतरी वाटत होतं, झऱ्याकाठचं गवत मला दिसत होतं. काठी मोडली तेव्हा थांबले.

बुरुलचा दोरावरून अशी सरकली की तळहाताची कातडी दोराला राहिली, आणि खाली पाय मुरगळला. तरी पहिलं काम काय केलं? पट्टा काढून तिलेकची मांडी आवळली. नाहीतर तिथंच संपला असता. त्याचे साथीदार येऊन उचलून घेऊन गेले, जाताना माझ्यावर बोट रोखून धमकावून गेले.

खोडात हातभर चीर गेलीय. झाड जगेल, असं बुरुलचा म्हणते.

आता मला सांगा, होणाऱ्या नातजावयाला कोणी इतकं मारतं का? कानिशायला विचारलं. म्हणाली, “तोक्तो, तू अजून सोयरिकीच्या गोष्टी करतेयस?”


६ ऑक्टोबर, रविवार

पाय सुजला म्हणून बुरुलचाला घेऊन मी गावात परतले. कानिशायही आली, म्हणे कोंबड्यांना बघायला. झोपूनच लिहितेय. श्वास घेतला की डावीकडे सुरी फिरते.

दुपारी दोन गाड्या आल्या. सहा जण उतरले. मी कणीक मळत होते. दाराशी गेले तर पुढं मेलिस. “आजी, पोर न्यायला आलोय. झुमके तुम्ही घेतले होते. आता ती आमच्या घरी राहील, कोकसायला जायचा प्रश्नच मिटला.”

मी म्हटलं, “तिला विचारते.” आणि खरंच विचारायला मागं वळले, इतकी मी वेडी. बुरुलचा चुलीपाशी एका पायावर उभी होती, हातात लाकडं फोडायची कुऱ्हाड. मानेनं नाही म्हणाली.

मी सांगितलं, नाही म्हणते. ड्रायव्हरनं मला छातीवर ढकललं. मी पडले ती बरोबर उंबऱ्यावर, डोकं चौकटीच्या एका खांबाला, पाय दुसऱ्याला. आणि पडल्या पडल्या आठवलं.

मला पळवून आणलं त्या रात्री मी पहाटे निसटायला निघाले होते. तर आजोबांची आजी, नव्वदीची, येऊन अशीच उंबऱ्यावर आडवी झाली. म्हणाली, “जा की. ओलांड मला आणि जा.” म्हाताऱ्या बाईला ओलांडणाऱ्याची कूस फळत नाही, घर वसत नाही, त्याच्या नावानं कोणी दुवा मागत नाही, हे आमच्यात आईच्या दुधाबरोबर पाजतात. मी सतरा वर्षांची पोर तिच्या पोटाकडे बघत उभी राहिले आणि मग खाली बसले. तेव्हा माझ्या डोक्यावर सुनेचा पांढरा रुमाल बांधला, म्हणजे लग्न झालं.

तर आता मी उठलेच नाही. ओरडले, “या! ओलांडा! न्या पोर! बघू कुणाच्या आईचं दूध वाया गेलंय!”

थांबले की. सहाच्या सहा. मेलिस एकाला म्हणाला, “टाक पाय.” तो म्हणाला, “माझी बायको पोटुशी आहे, मालक.” दुसऱ्याला म्हणाला. तो म्हणाला, “तुम्हीच टाका ना, तुम्ही मोठे.” मेलिसनं पाय उचलला. बुटाचा तळ दिसला मला, शेण लागलं होतं. मग ठेवला खाली, होता तिथंच.

ड्रायव्हर मात्र आत न येता बाहेरूनच लाथा घालायला लागला. ओलांडायचं नाही, एवढं पाळून. बरगडीत, कमरेत. मी मोजलं नाही. एकानं खिडकी फोडून हात आत घातला कडी काढायला. बुरुलचानं कुऱ्हाड घातली. दोन बोटं माझ्या कणकेच्या परातीत पडली, सगळी कणीक वाया गेली. तो माणूस असा ओरडला की तबेल्यातली तोरू लाथा झाडायला लागली. त्यांनी गजानं तिचे पुढचे पाय मोडले. ते मला उंबऱ्यावरून दिसत होतं.

कानिशाय छपरावर चढली होती, सत्तरीची बाई! तांब्याची कढई पळीनं बडवत होती आणि मेलिसच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मग कुठून कुठून म्हाताऱ्या निघाल्या. काठीवाल्या, कुबडीवाल्या, एकीच्या हातात उकळत्या पाण्याचा सामोवार. नुसत्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

मेलिस गाडीत बसताना म्हणाला, “पोर ठेवा तुमच्याकडे. शुक्रवारी नमाज झाला की ट्रक घेऊन थेट कोकसायला जातो. सगळ्या गाठी एका दिवसात. मध्ये येईल त्याला चाकाखाली घालीन, म्हातारी असो नाहीतर पोर.”

तोरूला मारावं लागलं, कसं ते सापाराली आकेंनी सांगितलं. त्यांना सुरी धरता येईना, ती बुरुलचानं चालवली.


९ ऑक्टोबर, बुधवार

काल तालुक्याहून पोलीस साहेब आले होते. चहा प्यायले, खिडकी बघितली, “कुत्र्यानं फोडली का?” असं विचारलं. माझ्याबद्दल लिहून घेतलं की जिन्यावरून पडली. आमच्या घराला जिना नाही. मी म्हटलं, “साहेब, तेवढा बांधून द्या मग.” मेलिसनं आपल्याला मागच्या महिन्यात जेवायला बोलावलं होतं हे ते स्वतःच बोलून गेले, पुलाव छान होता म्हणाले.

आज सकाळपासून घर भरलंय. माझ्या उशाशी नऊ म्हाताऱ्या. कानिशायनं सगळं ठरवून टाकलंय. घळीच्या तोंडाशी वाट अरुंद आहे, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला ओढा, ट्रक जाईल तर तिथूनच. तिथं शुक्रवारी गाद्या टाकून आडवं व्हायचं. “उंबरा दारालाच लागतो असं कुठं लिहिलंय?” म्हणते. मग कोण कुठं झोपणार यावर भांडणं. एक म्हणाली, मला कड्याकडची जागा द्या, उन्हाचा त्रास होतो. कानिशाय म्हणाली, “मी मधे. माझा घेर बघा, मला ओलांडायला शिडी लागेल.” हसताना माझ्या बरगड्यांत कळ आली आणि मी शिव्या घातल्या तर आणखी हसल्या.

बुरुलचा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “तो खरंच गाडी घालेल. तुम्हाला वाटतं तो थांबेल?” सामोवारवाली म्हणाली, “तो एक थांबणार नाही. पण ट्रक चालवणाऱ्यालाही आई असेल.” बुरुलचा म्हणाली, मग मीही येणार. मी म्हटलं, “तू म्हातारी नाहीस, तुला ओलांडलं तर काही होत नाही, तू वर झाडापाशी थांब.” खाली मान घालून माझे केस विंचरायला बसली. तळहातांची कातडी अजून आलेली नाही, तर कंगवा बोटांच्या टोकांनी धरते.

उंबऱ्यावरच्या म्हातारीची जुनी गोष्ट मी सकाळीच सगळ्यांना सांगितली होती. विंचरता विंचरता तिनं विचारलं, “एने, त्या रात्री तू त्या म्हातारीला ओलांडून गेली असतीस तर?”

“वाट्टोळं झालं असतं,” मी म्हटलं. “तुझा बाप झाला नसता, तूही नसतीस.”

तिला एवढंच सांगितलं, पण खरं ते इथं लिहिते. ती म्हातारी वारली तेव्हा तिला शेवटची आंघोळ मीच घातली. उचलली तर वाळल्या फांदीसारखी, वजनच नाही. पाठ धुतली, पोट धुतलं. नीट बघितलं मी. तिच्यात काहीही नव्हतं. नुसती एक म्हातारी. मी एक ढांग टाकली असती तर बाहेर होते, आणि काही म्हणजे काही झालं नसतं.

हे बायकांना सांगायचं नाही. मेलिसला तर मुळीच नाही.

गादी जाड घ्यायला हवी, त्या वाटेवर खडे फार आहेत. शुक्रवारी येतो म्हणालाय, नमाज झाल्यावर.